अडतीस शतांश सेकंद

जुईला पाळणाघरात सोडलं की पावणेदहा ते साडेदहा एवढा वेळ माझा असतो. साडेदहाला मला कामाला बसायचं असतं. अशा पाऊण तासात बायका केस धुतात, आईला फोन करतात, नाहीतर नुसत्या पाठ टेकून पडतात. मी गाडी काढते, सड्यावर जाते आणि घसरते.

चौकुळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कंपनीचा गाड्यांच्या चाचणीचा जुना रस्ता आहे. दीड किलोमीटर, सरळसोट, दोन्ही बाजूंना कातळ आणि गुडघाभर गवत. आडवं यायला झाड नाही, माणूस नाही. श्रावणात त्या रस्त्यावर बोटभर पाणी कायम उभं असतं. वेग ऐंशीवर गेला की स्टेअरिंग हलकं होतं, इतकं की हातात काही धरलंय असं वाटतच नाही. तेव्हा मी दोन्ही हात मांडीवर ठेवते. गाडीचा मागचा भाग हळूच डावीकडे सरकायला लागतो.

आणि मग काहीच होत नाही. गाडी सरकतेय, पाऊस पडतोय, आणि स्टेअरिंग जागच्या जागी. मग ते आपणहून फिरतं. थोडंसंच, कुणाला न दुखवता फिरवावं तसं. टायरना रस्ता सापडतो, गाडी सरळ होते, समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं येतात : सावरलं.

ते स्टेअरिंग फिरवणारे हात माझ्या नवऱ्याचे आहेत. सिद्धेशला जाऊन अकरा महिने झाले.

यात भुताखेताचं काही नाही. नीट सांगते.

गाडी केवढीही असो, ती रस्त्यावर चार तळव्यांएवढ्या जागेवर उभी असते. प्रत्येक टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला, बाकी सगळं हवेत. त्या चार तळव्यांनी रस्ता सोडला की आत बसलेल्या माणसाची हुशारी, घाई, देवाचं नाव, कशाचाच गाडीशी संबंध राहत नाही. माणसं अशा वेळी दोन चुका करतात. एक, ब्रेकवर उभी राहतात. दुसरी, ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच बघत राहतात. दरीकडे, झाडाकडे, समोरून येणाऱ्या ट्रककडे. आणि नजर जाते तिकडेच हात जातात.

म्हणून 'सावर' आलं. टायरच्या रबरात केसाएवढे तंतू असतात, ते सेकंदाला हजार वेळा सांगतात की खाली काय आहे, डांबर, पाणी, तेल की बर्फ. घसरण सुरू झाली की स्टेअरिंग माणसाच्या हातून सुटतं आणि सावर ते हाती घेतं. पण घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याला शिकवणार कोण? नुसत्या गणितानं करून पाहिलं होतं. गणित चुकत नव्हतं, पण फार झटके देत होतं. मग कंपनीनं अकरा ड्रायव्हर निवडले. हातमोज्यांत तारा, कमरेला पट्टे (कारण घसरण डोळ्यांआधी बुडाला कळते), आणि रोज त्यांना याच रस्त्यावर घसरवायचं. दोन पावसाळ्यांत सिद्धेश एकटा नऊ हजार वेळा घसरला. आंबोली घाटात दुधाची गाडी चालवून आलेला माणूस. नऊ हजारांत एकदाही गाडी फिरू दिली नाही. शेवटी बाकीच्यांचं बाजूला ठेवलं आणि त्याचेच हात सगळ्या गाड्यांत गेले. आज देशातल्या निम्म्या गाड्यांत आहेत.

तो घसरून गेला नाही. लेप्टोच्या तापानं गेला. टाचेला भेग पडली होती, चपला घालून ट्रॅकवरच्या पाण्यात दिवसभर उभा राहायचा. अंगदुखी, ताप, डोळे पिवळे. आठ दिवस. जुई तेव्हा सात महिन्यांची होती. तिला त्याच्या छातीवर निजायची सवय होती. तिची ती सवय मोडायला मला दोन महिने लागले.

कंपनीनं क्वार्टर राहू दिलं आणि कामही. देशात कुठेही सावर लागलं की त्याची नोंद येते. बहुतेक नोंदी यंत्रच वाचतं, शंकेच्या तेवढ्या माणसांकडे येतात. मी त्यांवर खुणा करते : घसरण इथं सुरू, इथं संपली. प्रत्येक नोंदीत दोन रेषा असतात. घसरणीची रेषा चढते, आणि तिच्याखाली स्टेअरिंगची रेषा थोडा वेळ आडवी पडून असते. मग उठते. ती आडवी रेघ अडतीस शतांश सेकंदाची. नाशिकची गाडी असो की शिलाँगची, अडतीस. मी ती रेघ दिवसाला तीस-चाळीस वेळा बघते. लोक फोटो बघतात, तसं.

*

फर्जाना आली ती भरपावसात, दुपारी, पाळणाघरातून आणलेली जुई जेवून नुकतीच लवंडली होती तेव्हा. फर्जाना शेख सावरची इंजिनिअर. सिद्धेशला तिनंच निवडलं होतं. ती घरी कधी येत नाही, म्हणून दारात तिला बघूनच मला कळलं की काहीतरी आहे.

"फोनवरच सांगणार होते," ती ओढणी पिळत म्हणाली. "मग म्हटलं नको, चहा मिळेल."

"साखर संपलीय."

"बिनसाखरेचा दे. माझी शिक्षाच आहे ती."

चहा झाला. मग तिनं टॅबलेट माझ्यासमोर सरकवला. मार्चमधली नोंद, लाहौलची. सकाळ, बर्फाचा रस्ता, गाडीत चौघं. घसरणीची रेषा चढली. खालची रेषा आडवी. अडतीस. ती उठेपर्यंत गाडी फार फिरली होती. डोंगराच्या बाजूला आपटली म्हणून बरं, दुसऱ्या बाजूला नदी होती.

"नऊ वर्षांची मुलगी होती मागे," फर्जाना म्हणाली. "मांडीचं हाड मोडलं. वाचली. पण पन्नासच्या वेगाला अडतीस शतांश म्हणजे सव्वापाच मीटर, प्रांजल. सव्वापाच मीटर गाडी नुसती वाहत गेली."

मी रेघेकडे बघत होते.

"हा उशीर मशीनचा नाही. सिद्धेशच्या हातांतला आहे. बाकीच्या दहा जणांत नाही तो. समिती म्हणते, माणूस जरा संथ होता, उशीर कापून टाका. एकोणीस तारखेच्या अपडेटमध्ये जाणार."

"बर्फावरचा?"

"सगळीकडचा. पाण्यावरचाही."

आत जुईनं कूस बदलली. ती परत शांत झाल्यावर फर्जाना खालच्या आवाजात म्हणाली, "मला ते पटत नाही. संथ माणूस नऊ हजार वेळा वाचत नाही. तो त्या वेळात काहीतरी करत होता. पण मला कारण दाखवता येत नाही, आणि समितीला कारण लागतं. तू त्याच्या शेजारी बसायचीस. तुला माहीत आहे काही?"

"नाही," मी म्हणाले.

मला माहीत होतं.

गाडी घसरली की सिद्धेश तिच्याशी बोलायचा. दोनच शब्द, मालवणीत, अगदी हळू : "रव गो." म्हणजे, थांब गं. तेवढं म्हणून झालं की मग हात हलायचे. लग्नानंतर मी पहिल्यांदा ट्रॅकवर शेजारी बसले तेव्हा ऐकलं आणि हसत सुटले. तो लाजला. म्हणाला, त्यांना सांगू नको हां, टिंगल करतील. गाडीतला आवाज कुणी टिपतच नव्हतं. हातांचा प्रत्येक थरकाप नोंदवला, आणि ते दोन शब्द राहून गेले. राहिली फक्त त्यांच्याएवढी जागा. ती रेघ.

आता जगात ती रेघ वाचता येणारी मी एकटी होते. सांगितलं, तर समिती म्हणणार, बघा, खोडच होती. कापा. आणि खरं सांगायचं तर मला ते कुणाला द्यायचंच नव्हतं. त्याचे शर्ट मी दिले, मोबाइल दिला. हे नाही.

फर्जाना चहा संपवून उठली. "सोमवारपर्यंत मला कळव. मग फाइल बंद होईल."

*

शनिवारी पाळणाघर बंद होतं. ते चालवणाऱ्या ताईंच्या घरी पाहुणे. सोमवारी फाइल जाणार होती. मी जुईला मागच्या सीटवर बांधलं.

या वाक्यापुढे मला फार लिहिता येत नाही, पण लिहायला हवं.

मी स्वतःला सांगितलं होतं की रस्ता मोकळा आहे, शेकडो वेळा केलंय, आणि तिलाही एकदा बापाच्या हातात देऊया. खरंच असं म्हणाले मी. ऐंशी. स्टेअरिंग हलकं झालं. हात मांडीवर. गाडी सरकली आणि माझी नजर आरशात गेली.

जुई रडत नव्हती. खिडकीकडे नाही, पावसाकडे नाही, ती माझ्याकडे बघत होती. डोळे एवढे मोठे. भीती वाटली की कुठे बघायचं हे तिनं ठरवलेलं होतं. आणि मी तिथं हात मांडीवर ठेवून बसले होते, अडतीस शतांशांची वाट बघत.

सावरलं, पडद्यावर आलं.

मी गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन तिला सोडवलं आणि पावसातच उभी राहिले, तिला पदराखाली घेऊन. ती माझ्या कानातल्याशी खेळायला लागली. लाहौलच्या त्या मुलीनं मागच्या सीटवरून कुणाकडे बघितलं असेल, हेच डोक्यात येत होतं. तिची आईसुद्धा हात सोडून बसली असेल. सावर आहे ना, म्हणून.

घरी आल्यावर सासूबाईंना फोन केला. त्या गावाला एकट्याच असतात.

"काय गो, आज दुपारची आठवण? चेडू बरां आसा मां?"

"बरी आहे आई. एक विचारायचं होतं. गाडी घसरली की हे 'रव गो' म्हणायचे. ते कुठून आलं?"

पलीकडे त्या हसल्या. खूप दिवसांनी. "तां म्हशीचां!"

"कुणाचं?"

"आमची बाळी म्हस. पावसात बांधावरसून हाडताना चिखलात तिचे पाय सरकायचे. ह्यो सिद्धेश फुडे दावां धरून. पयल्यांदा घाबरान दावां ओढल्यान, तर म्हस धाडकन आडवी! मगे बापाशीन सांगल्यान, पाय सरकतत तेव्हा ओढूचा नाय. तिचे पाय तिका गावांदेत. 'रव गो' म्हणूचा, आणि मगे ओढूचा."

पाय तिचे तिला सापडू देत. मी फोन घट्ट धरला. "आणि नाहीच सापडले तर?"

"गावतत गो. चिखलाक तळ असता." मग त्या म्हणाल्या, "तळ नाय थंय रवान काय करतलंस? थंय आधीच धरूक व्हयां." आणि लगेच, "जेवलंस मां?"

"जेवले," मी म्हणाले. जेवले नव्हते.

फोन ठेवून मी जमिनीवर बसले. जुई माझ्या मांडीवरून चढत-उतरत होती.

किती सोपं होतं. तळ असेल तिथं थांबायचं, नसेल तिथं आधीच धरायचं. पाण्यावर टायर तरंगतो तेव्हा त्याच्याखाली दोन-चार मिलिमीटरवर रस्ता असतोच. वेग जरा उतरला की टायर पाणी बाजूला सारून त्याला टेकतो. तरंगताना चाकं वळवली तर तेव्हा काहीच होत नाही; पण टेकल्याबरोबर वळलेली चाकं गाडीला फेकून देतात. म्हणून थांबायचं, तळ लागेपर्यंत. बर्फाचं तसं नाही. शून्याच्या आसपासच्या बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो, आणि त्याच्या खाली परत बर्फच. कितीही थांबलात तरी खाली रस्ता येत नाही. तिथं लगेच, पण अगदी हलक्या हातानं वळवावं लागतं. सिद्धेशनं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. फ्रीजमधला सोडून.

*

रविवारीच मी फर्जानाच्या घरी गेले, जुईला कडेवर घेऊन.

"मी तुला खोटं सांगितलं," मी दारातच म्हणाले.

"माहीत आहे. किती पटकन नाही म्हणालीस. अडतीस शतांशसुद्धा घेतले नाहीस." तिनं जुईला माझ्याकडून घेतलं. "ये आत."

मी सगळं सांगितलं. दोन शब्द, म्हैस, दावं, तळ. सड्यावर जाते तेही सांगितलं. शनिवारचंही. ते ऐकताना तिनं जुईच्या डोक्यावर हात ठेवला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मग ती उठून खोलीत फेऱ्या घालायला लागली. "म्हणजे तो उशीर करत नव्हता. थांबत होता. अगं, आम्ही दोन वर्षं त्या रेघेकडे बघून रिकामी म्हणत होतो!" ती एकदम थांबली. "पाण्यावरचा थांबा वाचेल, प्रांजल. बर्फावरचा काढू. दोन्ही वेगळे करता येतील, टायरला कळतंच खाली काय आहे."

"बरं झालं."

"हो, पण..." ती खाली बसली, माझ्यासमोर, जमिनीवर. "पण मग तो अडतीस राहणार नाही. आता कारण कळलं ना. पाणी कमी तर कमी थांबायचं, जास्त तर जास्त. टायर सांगेल तळ कधी लागला ते. अडतीस ही काही पाण्याची वेळ नाही. ती..."

"ती त्याची आहे."

"हो."

जुईला टेबलाखाली एक चमचा सापडला होता. ती तो फरशीवर आपटत होती. मला वाटत होतं, फर्जानानं म्हणावं की थोडा वेळ घे, विचार कर. ती म्हणाली नाही. मला वाटतं, म्हणाली असती तर मी घेतला असता, आणि मग कधीच परत आले नसते.

"लिहून घे," मी म्हणाले.

तिनं लॅपटॉप उघडला. अर्जात 'कारण' असा रकाना होता. तिनं टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं : चालक तळ लागेपर्यंत थांबत असे.

"नाव घाल," मी म्हणाले. "चालक नको."

तिनं 'चालक' खोडलं आणि लिहिलं, सिद्धेश परब तळ लागेपर्यंत थांबत असे.

*

वीस तारखेला मी एकदाच सड्यावर गेले. एकटी. ऐंशी, हात मांडीवर. गाडी सरकली, सावर थांबलं, सावरलं. परत वळवून आणली, आता पाणी जास्त होतं. जरा जास्त वेळ थांबलं, सावरलं. काही चूक नव्हती. चांगलं काम केलं होतं फर्जानानं. मी दोन्ही वेळा तोंडातल्या तोंडात "रव गो" म्हणून पाहिलं. पहिल्यांदा शब्द उरले, दुसऱ्यांदा वेळ उरला.

परत येताना चाळीसच्या वर गेले नाही.

कामाच्या नोंदी येतात. आडव्या रेघा आता लहानमोठ्या असतात, एकीसारखी दुसरी नाही. मी इथं सुरू, इथं संपली अशा खुणा करते आणि पुढची उघडते. लाहौलकडून अजून काही आलेलं नाही. तिकडे बर्फ पडायला वेळ आहे.

पावणेदहा ते साडेदहाचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. परवा केस धुतले. काल जुईला जरा उशिराच पाळणाघरात न्यायचं ठरवलं.

क्वार्टरच्या मागे चिऱ्यांची मोरी आहे. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळं धरतं. मी पायरीवर बसून तिचे कपडे पिळत होते आणि जुई चालत होती. तिला चालायला लागून दोन महिनेच झालेत. पाय अजून एकमेकांना विचारून पडतात. तिचा उजवा पाय चिऱ्यावर पडला आणि सर्रकन पुढे गेला.

माझा हात निघाला होता. दंडाला धरून वर उचलायला, जसा रोज निघतो. तो अर्ध्यावर राहिला.

"रव गो," मी म्हणाले.

तिचे दोन्ही हात हवेत गेले. ढुंगण मागे, मान पुढे, तोंड उघडं. पाय सरकत सरकत गेला आणि चिऱ्याच्या खरबरीत कडेला लागला. बोटं वळली. ती उभी राहिली. डुलत होती, पण उभी.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी वळून घरात बघितलं, कुणाला तरी हाक मारून दाखवायला. दाराच्या आत तिचे वाळत घातलेले लंगोट होते आणि पंखा फिरत होता.

"सावरलं," मी तिलाच सांगितलं.

ती खुदकन हसली. मग वळली आणि त्याच शेवाळलेल्या चिऱ्याकडे निघाली, मुद्दाम, परत घसरायला. मी पिळलेला कपडा बाजूला ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि थांबले.